टाके मारणाऱ्याचे डोळे

"त्याला सवय आहे, मॅडम." हे उत्तर मला अजून टोचतं.

गच्चीतल्या कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड स्वतः करायचा होता, म्हणून पुण्यातल्या एका सामायिक कार्यशाळेत मिग वेल्डिंग शिकायला गेले. तिथले सर फार चांगलं शिकवतात, हे आधीच सांगते. सुरुवातीला कितीतरी वेळ त्यांनी मशीनला हातच लावू दिला नाही. अंगात सुतीच कपडे हवेत, कारण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. पँट बुटात खोचायची नाही, ठिणगी आत घरंगळते. जीआय पाइपवरचा जस्ताचा मुलामा घासून काढल्याशिवाय त्याला वेल्डिंग मारायचं नाही. त्या पांढऱ्या धुरानं काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो आणि दूध प्यायल्यानं तो टळत नाही. क्लोरीन असलेल्या क्लीनरनं पुसलेल्या पत्र्याजवळ आर्क पेटवायचा नाही, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. काम संपलं तरी अर्धा तास जागेवर लक्ष ठेवायचं, कारण कचऱ्यात पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

मग मशीन. ०.८ मिमीची तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, मिनिटाला साधारण १२ लिटर. एक बटण व्होल्टेजचं, एक तारेच्या वेगाचं. दोन्ही जुळली की फोडणीसारखा एकसारखा तडतडाट येतो. माझी पहिली सरळ बीड उमटली तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

आमच्यासाठी जॉब तयार करायचा तो तिथला हेल्पर, विशीतला मुलगा. अँगल कापायचे, काटकोनात धरायचे, कोपऱ्यातल्या रॉडच्या मशीनवर दोन-दोन टाके मारून आमच्या टेबलावर आणून ठेवायचे. आम्ही पडद्याच्या आत, डोक्यावर आपोआप काळी होणाऱ्या काचेची हेल्मेटं. तो पडद्याबाहेर, उघड्या डोळ्यांनी. टाका मारताना मान वळवायचा आणि डोळे मिटायचा, एवढंच त्याचं संरक्षण. मी सरांना विचारलं, तेव्हा ते उत्तर मिळालं.

सवय कशाची? आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा नाजूक थर भाजतो. त्या वेळी काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक वेळा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सोसवत नाही. हे सगळं आम्हाला सरांनीच शिकवलं होतं. हा थर दोनेक दिवसांत भरून येतो, पण त्याला सवय होत नाही. दर वेळी तो नव्यानं भाजतो. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या मुलाचे डोळे लाल होते. "रात्री बटाट्याच्या चकत्या ठेवल्या होत्या ताई, आता बरंय," म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. हेल्मेटं शिकणाऱ्यांपुरतीच आहेत, त्यांचे पैसे फीमध्ये धरलेत, असं सांगण्यात आलं. कोपऱ्यात जुनी काळ्या काचेची ढाल होती, पण ती तो वापरत नव्हता. का, ते मी त्यालाच विचारलं. म्हणाला, "एका हातात होल्डर, एका हातात जॉब. ढाल कुठल्या हातानं धरू? आणि काचेतून आर्क पेटेपर्यंत काही दिसतच नाही. टाका भलतीकडेच पडतो."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. साध्या काळ्या काचेआड आर्क पेटेपर्यंत अंधार असतो. आपोआप काळी होणारी काच नेमकी यासाठीच आहे: आधी जॉब स्वच्छ दिसतो आणि आर्क पेटताच, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही आधी, ती दहा-अकरा नंबरपर्यंत गडद होते. आम्ही एकदा आर्क पेटवून एक लांब बीड ओढत होतो. तो दिवसभर आर्क पेटवत आणि विझवत होता. त्या काचेची खरी गरज त्या जागेत सगळ्यात जास्त कुणाला होती, हे उघड होतं. ती मिळाली आम्हाला, हौशी माणसांना. तीसुद्धा काही लाखांची वस्तू नाही, साधं हेल्मेट दोनेक हजारांत येतं.

१९४८ च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम होतं, ३५ वं. पण अशा लहान जागा 'कारखाना' या व्याख्येतच बसत नाहीत. रस्त्याकडेला ग्रिल जोडणारी दुकानंही बसत नाहीत. आणि धुराचं काय? २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. आमच्या टेबलावर धूर ओढणारा पंखा होता. त्याच्या कोपऱ्यात नव्हता.

मी आवाज चढवला तेव्हा मुलगाच मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही बोलू नका. तुम्ही जाल, मला इथंच राहायचंय." त्यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही नाही. माझं हेल्मेट मी त्याला देऊन आले. तो ते रोज घालतो की कपाटात जातं, मला माहीत नाही.

त्या रागात ठरवलं होतं की असल्या जागांची शिफारस कुणालाही करणार नाही. पण ते टिकलं नाही. यूट्यूब बघून घरच्या गॅलरीत आर्क पेटवणाऱ्यांपेक्षा अशा कार्यशाळेत शिकलेलं कधीही बरं, आणि वॉर्डावॉर्डात त्या निघाव्यात असंच मला वाटतं. फक्त फी भरण्याआधी एकदा आत चक्कर मारा. शिकणाऱ्यांची हेल्मेटं कोणीही अभिमानानं दाखवेल. तुम्ही लोखंड कापणारा आणि टाके मारणारा शोधा, त्याच्या डोळ्यांवर काय आहे ते बघा, आणि काही नसेल तर पैसे देण्याआधीच बोला. तेव्हा तुमचं ऐकून घेतात.