वीस युनिटांचे घर

सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवावयाची असली की मी पुस्तकातील आंब्यांच्या पेट्या आणि कापडाचे वार जरा बाजूला ठेवतो आणि मुलांना घरची विजेची बिले आणावयास सांगतो. मराठीचा एम. ए. असलो तरी शिक्षक अपुरे असल्यामुळे मुख्याध्यापकालाही गणिताचा तास घ्यावा लागतो. आपल्या घरचा आकडा फळ्यावर आला की मुलाला गणित आपलेसे वाटते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये असाच तास चालला होता. आमच्या बेळगावात त्या महिन्याची बिले शून्य रुपयांची आली होती, त्यामुळे मुले खुशीत होती. कर्नाटक सरकारने ‘गृहज्योती’ योजना सुरू केली होती. महिना २०० युनिटांपर्यंत घरगुती वीज मोफत, एवढेच बहुतेकांच्या कानी आले होते. योजनेचा हिशेब मात्र थोडा निराळा होता. २०२२-२३ या वर्षात त्या घराने दरमहा सरासरी किती वीज वापरली ते पाहावयाचे, त्यात दहा टक्के मिळवावयाचे आणि जो आकडा येईल तेवढाच त्या घराचा मोफत वाटा. त्याहून अधिक परंतु २०० च्या आत वापर झाला तर वरच्या युनिटांचे पैसे भरावयाचे. २०० ओलांडले तर सगळेच बिल भरावयाचे.

शेकडेवारीला याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार? मी प्रथम माझ्याच घरचा आकडा फळ्यावर मांडला. सरासरी १२० युनिट. दहा टक्के म्हणजे १२. एकूण वाटा १३२. मग दुसऱ्या बाकावरील एक मुलगी उठली. तिने वर्षभराची बिले तारेला टोचून ठेवलेली होती, ती तशीच तारेसकट आणली होती. बेरीज केली, बाराने भागले. सरासरी आली २० युनिट. दहा टक्के म्हणजे दोन, वाटा २२.

फळ्याकडे पाहत ती म्हणाली, “गुरुजी, तुम्हाला बारा आणि आम्हाला दोनच का?”

मी म्हणालो, “दोघांनाही दहा टक्केच आहेत, बाळ.” उत्तर गणिताने बरोबर होते. परंतु ते देताना माझा आवाज मलाच परका वाटला. मला वर मिळालेली बारा युनिटे तिच्या घराच्या महिन्याच्या निम्म्याहून अधिक विजेइतकी होती!

त्या मुलीचे वडील नाहीत. आई घरी शिलाई करते, तीही पायाने चालवायच्या यंत्रावर. दिवा लावावयाचा तो अगदी अंधार पडल्यावर. तोवर मुलीने उंबरठ्यात बसून अभ्यास करावयाचा. पंखा आहे, पण तो पाहुणे आले तरच फिरावयाचा. २० युनिटांची ती सरासरी म्हणजे त्या घराची गरज नव्हती; ती त्या घराची काटकसर होती. आणि ज्या घराने मन मारून वीज वाचविली, त्याच घराच्या वाट्याला कमीत कमी आले. ज्याच्या मागील वापराचा हिशेबच नव्हता अशा नव्या ग्राहकाला तर राज्याची सरासरी ५३ धरून ५८ युनिटे ठरविली होती. म्हणजे वर्षभर जपून दिवा जाळल्याचा पुरावा तारेला टोचून ठेवला, हीच त्या माउलीची चूक ठरावी काय?

या नियमामागे कारण नव्हते असे नाही. सरसकट २०० युनिटे मोकळी सोडली असती तर ज्याची गरज ऐंशीची त्यानेही दोनशेपर्यंत जाळली असती. आणि फुकट दिसणाऱ्या विजेचे पैसे कोणीतरी भरतोच. २००३ च्या वीज कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे अशी सवलत द्यावयाची तर तिची रक्कम राज्य सरकारने वीज कंपनीला आगाऊ द्यावी लागते. ती रक्कम करांतून येते, आणि साबणाच्या वडीवरचा कर ती शिलाई करणारी बाईही भरते. तेव्हा माझ्या शून्य रुपयांच्या बिलात तिचाही हातभार आहे, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

खरे सांगावयाचे तर मी या योजनेचा टीकाकार होतो. फुकटाने माणूस आळशी होतो, असे मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने बोललो होतो. त्या रात्री मला माझे बालपण आठवले. खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यात तेव्हा वीज नव्हती. आई कंदिलाची काच राखेने पुसून लख्ख करी आणि माझे वाचन संपताच म्हणे, “वात उतरव रे.” त्या कंदिलातले रॉकेल रेशनचे होते. सरकारने पदरमोड करून ते स्वस्त ठेवले होते. म्हणजे ज्या उजेडात मी शिकलो, तोही लोकांच्याच पैशाचा होता. त्याने मी आळशी झालो नाही. आणि कार्डावर ठरलेले रॉकेल देताना, ‘गेल्या वर्षी तुम्ही किती जाळले?’ असे दुकानदाराने आईला कधी विचारले नाही.

हे मी पत्नीला सांगितले आणि आपण ही सवलत सोडावी काय, असे विचारले. ती म्हणाली, “अहो, आपण सोडल्याने तिच्या बावीसची तेवीस होणार आहेत का?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी सवलत सोडली नाही, हे येथे कबूल करतो. सोडण्याची बुद्धी झाली आणि धैर्य झाले नाही, की पत्नीचे म्हणणे खरेच पटले, हे मलाही नीट सांगता येत नाही.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने नियम बदलला. कमी वापर असलेल्या घरांना दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिटे वाढवून देण्याचे ठरले. मी ते उदाहरण लगेच फळ्यावर मांडले. वीस अधिक दहा, तीस. दहा युनिटांत साठ वॅटचा पंखा रोज सुमारे साडेपाच तास चालतो, हेही मुलांनीच काढले. त्या मुलीने तो आकडा वहीत चौकटीत लिहिला.

मार्चमध्ये तिची आई प्रगतिपुस्तक न्यावयास आली. मी म्हणालो, “बाई, आता रात्री पंखा लावायला हरकत नाही. हिशेब मुलीने केलाच आहे.”

ती हसली. “केलाय, गुरुजी. पण एकदा सवय लागली आणि उद्या योजना थांबली, तर ती सवय कोण मोडणार? पोरीला पुन्हा उकाड्यात निजवताना जीव तुटेल.”

फुकटाने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्या मला हे ऐकून मान खाली घालावी लागली. गरिबाला मदत द्यावयाची तर ती त्याच्या कालच्या उपवासावरून मोजू नये. माणसासारखे राहावयास किती लागते यावरून मोजावी. आणि ती अशी खात्रीची असावी की घेणाऱ्याला उद्याची धास्ती वाटू नये. आम्हा पगारदारांना थोडे कमी मिळाले तरी चालेल.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी त्या मुलीला सहज विचारले, “काय गं, उन्हाळ्यात पंखा लावला की नाही?”

“परीक्षेच्या आठवड्यात लावला, गुरुजी,” ती म्हणाली, “रोज दोन तास.”