आडनावाचा रकाना

काही महिन्यांपूर्वी शिवाजीनगरातील रसेल मार्केटजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी निवृत्तिवेतनाचे कागद भरत बसलो होतो. दुकानदार कन्नडिग, त्याच्या नावामागे केवळ दोन आद्याक्षरे, आडनाव नाहीच. माझे पेन मात्र आडनावाच्या रकान्यापाशी थबकले. सहाव्या वर्षी मी निपुत्रिक मावशीकडे दत्तक गेलो. तेव्हापासून आडनाव तिच्या घरचे, आणि जन्मदात्रीला मी जन्मभर ‘मावशी’ म्हणालो. ती आता नाही.

वाचकहो, हा पेच प्राचीन रोमने केव्हाच सोडवला होता. रोमन उमरावाच्या नावात मधला शब्द कुळाचा असे : ज्यूलियस, क्लॉडियस, कॉर्नेलियस. हॅनिबलला हरवणारा स्किपिओ आणि हुकूमशहा सुल्ला हे दोघेही कॉर्नेलियस. परंतु इ.स.पू. 146 मध्ये कार्थेज जमीनदोस्त करणारा धाकटा स्किपिओ जन्माने एमिलियस कुळातला, कॉर्नेलियस घरात दत्तक आलेला. म्हणून त्याच्या नावाअखेर ‘एमिलियानस’ राहिले. नवे कूळ पूर्ण मिळाले आणि जन्मघराची नोंदही नावातच टिकली.

ज्यांच्या नावाच्या वस्तीत मी बसलो होतो, त्या शिवाजीमहाराजांच्या भोसले कुळालाही हा प्रश्न चुकला नाही. 1638 नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे धाकटे पुत्र व्यंकोजी तंजावरला गादीवर बसले. त्या गादीचे दुसरे सरफोजी दत्तक होते. त्यांचा हक्क आधी नाकारला गेला. 1798 मध्ये कंपनी सरकारने तो मानला. 1803 मध्ये याच दत्तकपुत्राने भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. त्याच कंपनीने 1848 मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींचे दत्तकविधान अमान्य करून राज्य खालसा केले. धर्मशास्त्र बदलले नव्हते. बदलली होती सरकारची गरज.

प्रशासनात तीस वर्षांहून अधिक काळ घालवल्यावर मला एवढे उमगले आहे की रकाना निरुपद्रवी नसतो. त्यात जे मावते तेच सरकारदरबारी खरे ठरते. माझ्या कागदांत काहीही चूक नाही. फक्त ‘एमिलियानस’ लिहिण्याची सोय नाही.

मी आडनाव लिहिले, सही केली. घरी आल्यावर वहीच्या पहिल्या पानावर माझे पूर्ण नाव लिहिले आणि त्याखाली, कोणी मागितले नसताना, मावशीचे.