कुंभार्ली घाटांत ठिणगीचा शोध

चिपळूण सोडून कऱ्हाडच्या वाटेनें निघालें म्हणजे पोफळीच्या पुढें कुंभार्लीचा घाट लागतो. याच डोंगराच्या पोटांत कोयनेचें विद्युद्गृह आहे. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळणारी. परंतु धरणानें अडविलेलें तिचें पुष्कळसें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस उतरतें, वीज निर्माण करतें आणि वासिष्ठीच्या वाटेनें समुद्रास जातें. विजेच्या अशा माहेरीं आमची मोटार अडली, ती मात्र ठिणगीवांचून!

श्रावणाची झड लागली होती. सपाटीवर निमूट चालणारी गाडी चढ लागतांच आचके देऊं लागली. समोरचा पिवळा दिवा उघडमीट करूं लागला. बरोबर वडील मंडळी व मुलें; 'हळूहळू हेळवाक गांठूं' असा सर्वांचा आग्रह. आम्हीं मात्र रुंद जागा पाहून गाडी कडेस घेतली. हा दिवा असा उघडमीट करूं लागला म्हणजे न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींत जाऊन पेटत असतें, आणि धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या उष्णतेनें वितळूं शकतो.

पायथ्याहून एक तरुण मेकॅनिक आला. 'मिसिंग आहे, काका,' म्हणून त्यानें स्कॅनर जोडला. संकेतांक निघाला पी ०३०३, म्हणजे दोष तिसऱ्या सिलिंडरांत. पण संकेतांक जागा सांगतो, कारण सांगत नाहीं. प्रत्येक सिलिंडरास एक प्लग व त्यावर स्वतंत्र कॉईल असते. चढावर सिलिंडरांतील दाब वाढतो आणि वाढत्या दाबांत ठिणगी उडण्यास विजेचा जोर अधिक लागतो. म्हणून दुबळी कॉईल सपाटीवर निभावते, घाटांत उघडी पडते.

प्लगच्या खांचेंत पाणी साचलें नाहीं, हें त्यानें आधीं पाहिलें. मग इंजिन बंद करून पहिल्या व तिसऱ्या सिलिंडरांच्या कॉईलींची अदलाबदल केली, जुना संकेत पुसला आणि थोडा चढ चढवून पाहिला. आतां निघाला पी ०३०१! दोष कॉईलीबरोबर सरकला होता. तो तिसऱ्यांतच राहता, तर प्लग, इंजेक्टर व कॉम्प्रेशन क्रमानें तपासावें लागलें असतें.

चिपळुणाहून एकच कॉईल मागविली. चारही बदलण्याचा खर्च टळला. घाटमाथ्यावर दाट धुकें होतें. हेळवाकचा चहा मंडळींना तीन तास उशिरां मिळाला, पण गाडी तेथें स्वतःच्या बळावर पोंचली.