खांद्याचे माप

देवघराशेजारच्या कोनाड्यात पोथ्या आणि त्यामागच्या खोलीत बंदुका, असे घर आपल्या वाचकांपैकी थोड्यांच्याच पाहण्यात असेल. आमचे आपट्याचे घर तसे होते. पनवेल तालुक्यातील हे गाव पाताळगंगेच्या काठी आहे. खोपोलीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे नदी बारमाही वाहते आणि भोवती भातशेती आहे. कर्नाळा व माणिकगड यांच्या बाजूच्या रानांतून पूर्वी आश्विन-कार्तिकात रानडुकरे उतरत आणि एका रात्रीत उभे पीक लोळवून जात. तेव्हा बंदूक ही आमच्याकडे शौकाची नव्हे, तर राखणीची वस्तू होती.

अशा तीन बंदुका वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आल्या. 2019 च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका परवानेदारास पूर्वी तीन शस्त्रे बाळगता येत, ती संख्या दोनवर आली. अधिक असलेले शस्त्र वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे ठरले. तिघींपैकी कोणती द्यावी, या एका प्रश्नाने त्या वर्षी आमच्या घरात जेवढा वाद झाला तेवढा शेताच्या वाटणीच्या वेळीही झाला नसेल.

पहिली पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. तिचा उपयोग मुख्यतः आवाजापुरता. तिच्याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. ती कुलदैवतासारखी घरात राहायची. वाद होता तो उरलेल्या दोघींचा. त्यांतील एक लंडनमध्ये खास मापाने घडविलेली रायफल आणि दुसरी कारखान्यात शेकड्यांनी बनलेल्यांपैकी एक.

लंडनची रायफल आजोबांस त्यांच्या धन्याने दिली होती. आजोबा एका लहानशा संस्थानात कारभारी होते. संस्थानिक सहा फुटांहून उंच, रुंद खांद्यांचे. त्यांनी ती स्वतःसाठी करविली आणि पुढे आजोबांच्या निष्ठेवर खूश होऊन त्यांस बहाल केली. मखमलीच्या अस्तराच्या पेटीत ती निजलेली असे. पेटी उघडली की तेलाचा व जुन्या लाकडाचा मंद वास येई.

अशी रायफल करविणे म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. चांगला कारागीर प्रथम माणसाची मापे घेतो. दस्त्याची लांबी किती, तो किती खाली वाकलेला असावा, नेम धरताना डोळा नळीच्या रेषेत यावा म्हणून त्यास बाजूस किती कल द्यावा, हे सर्व हात, मान, गाल व खांदा पाहून ठरते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी सामान्यतः चौदा इंचांच्या आसपास असते. परंतु त्यात अर्ध्या इंचाची चूक झाली तरी नेमबाजास ती जाणवते. मग जुन्या अक्रोडाचा ओंडका निवडून त्यात पोलाद असे बसवितात की सांध्यात कागदही शिरू नये. दुनळी रायफलीत तर याहून अवघड काम असते. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून कारागीर गोळी झाडतो, नळ्यांमधील पाचर किंचित सरकवितो, पुन्हा झाडतो, आणि दोन्ही गोळ्या जुळेपर्यंत हेच करीत राहतो. हे कसब यंत्राचे नव्हे.

उलट कारखान्याची रायफल कोणासाठीच केलेली नसते, म्हणून ती सर्वांस थोडीथोडी चालते. तिचा एखादा भाग मोडला तर तसाच दुसरा आणून बसविता येतो. तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, 1959 साली घेतलेली रायफल .315 बोअरची होती. सैन्याचा .303 बोअर खाजगी माणसास वर्ज्य असल्याने आपल्याकडे .315 रूढ झाला. बंगालमध्ये 1904 साली सुरू झालेल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातून या बोअरच्या शिकारी रायफली निघत आणि तिला खडकीची काडतुसे मिळत. लंडनच्या रायफलीची काडतुसे मात्र परदेशातून यावयाची. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि ती मोजून वापरावी लागली.

या दोन जातींमधील भिंत आपण समजतो तेवढी उंच नाही, हे मला फार उशिरा कळले. कुमाऊंमधील चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेट यांनी 1907 साली मारली. तेव्हा संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांस लंडनच्या रिग्बी यांची .275 बोअरची रायफल बक्षीस दिली. ती रिग्बींची म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तिचा बोल्ट आणि तो ज्यात फिरतो तो पोलादी गाभा जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा होता. कारखान्याचा गाभा आणि त्याभोवती माणसाच्या हाताचे काम, अशी ती घडण होती. आमच्या आजोबांची रायफलही त्याच पद्धतीची होती.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आजही मान खाली जाते. 1966 च्या कार्तिकात मी एकोणीस वर्षांचा होतो. डुकरे बांधापर्यंत आल्याची वर्दी घेऊन एक कातकरी वाटाड्या आला. तात्या .315 घे म्हणाले. मी हट्टाने आजोबांची पेटी उघडली. राजाच्या हातची रायफल आपल्या हाती असावी, एवढाच त्यातील हेतू. आमच्या घराण्यात सारेच ठेंगणे. पहाटेच्या धुक्यात डुक्कर आडवे निघाले, मी रायफल उचलली आणि तिचा लांब दस्ता माझ्या घोंगडीत, बगलेपाशी अडकला. ती सोडवून नेम धरीपर्यंत क्षण निघून गेला होता. तरीही मी चाप ओढला. गोळी छातीत लागावयाची ती पोटात लागली.

जखमी डुकरास रानात तसेच सोडू नये, हा शिकारीचा धर्म. वाटाड्या रक्ताच्या मागावर पुढे झाला आणि करवंदीच्या जाळीतून ते जनावर त्याच्यावर आले. तात्यांनी .315 ने त्यास तेथेच पाडले, परंतु तत्पूर्वी सुळा मांडीत शिरला होता. बैलगाडीत घालून त्यास पनवेलला नेले. तो वाचला, मात्र त्याचा पाय पुढे जन्मभर आखडलेला राहिला.

मी रायफलीस दोष देऊ लागलो, तेव्हा तोच खाटेवरून म्हणाला, "ती बंदूक वाईट नाय, भाऊ. ती राजाची हाय. ती तुमच्या खांद्याला वळखत नाय." माझ्यावर रागावण्याचा त्यास पूर्ण अधिकार असता त्याने एवढेच म्हणावे, हे मला शिक्षेहून जड गेले.

पुढच्या पावसाळ्यात तात्यांनी .315 गावच्या सुताराकडे नेली. मला डोळे मिटून रायफल खांद्यास लावावयास सांगितले; डोळे उघडले की माशी जागेवर नसे. सुताराने दस्ता बोटभर कापला, कानशीने गालाची बाजू उतरविली, पुन्हा लावावयास सांगितले. वाटाड्या काठी टेकीत आला होता. तो बाजूस उकिडवा बसून माझी मान पाहत होता आणि "अजून जरासा" म्हणत होता. दिवस कलला तेव्हा डोळे उघडताच माशी समोर होती. त्या कामाचे सुताराने काय घेतले ते आठवत नाही. पण लंडनच्या कारागिराने संस्थानिकांसाठी जे केले होते तेच त्याने माझ्यासाठी केले. कापलेला तुकडा आईने चुलीत घातला.

पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बहुतांशी बंदी केली आणि 1991 च्या दुरुस्तीने उरलेली वाटही बुजविली. ते योग्यच झाले. बंदुका दसऱ्याच्या पूजेपुरत्या उरल्या.

म्हणून 2020 साली प्रश्न उभा राहिला तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, लंडनची ठेवा. तशी आता होणे नाही. .315 काय, कोणाकडेही असते. शिवाय तिचा दस्ता तुम्ही कापून बिघडविला आहे." त्याचे म्हणणे बाजारभावाने खरे होते. मी त्यास दोन्ही रायफली एकामागून एक खांद्यास लावून पाहावयास सांगितले. तो बांध्याने माझ्यावरच गेला आहे. पहिली लावताना त्याने मान लांबविली, कोपर उचलले आणि खांदा मागे ओढला. दुसरी लावली आणि तो नुसता स्थिर उभा राहिला. मग त्याने कापलेल्या दस्त्यावरून एकदा बोट फिरविले आणि मागील गोष्ट विचारली. तोपर्यंत ती मी त्यास कधी सांगितली नव्हती.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात लंडनची रायफल मी परवानाधारक विक्रेत्याकडे दिली. ती मला कमअस्सल वाटली असे नव्हे. ती ज्याच्यासाठी घडली त्याच्या हाती ती अप्रतिमच असली पाहिजे. आमच्याकडे मात्र ती नव्वद वर्षांच्या आसपास पाहुणी म्हणूनच राहिली. एखाद्या उंच, रुंद खांद्याच्या माणसाकडे ती जावो. त्या वर्षी पाटावर दोनच बंदुका मांडल्या. आपट्याची पाने वाहताना मुलाने एक पान उचलून .315 च्या कापलेल्या टोकावर ठेवले.