चार बाटल्या

सांगलीत डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. ट्रॅक्टर, ट्रक, विहिरीवरची इंजिनं. कऱ्हाडचा भाचा एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "मामा, विमानाला इंजिन बघायचंय. तुम्ही पाहिजे," तेव्हा हातातलं नोझल हातातच राहिलं.

घरामागच्या शेडमध्ये त्यानं दोन माणसांचं ॲल्युमिनियमचं विमान बांधायला घेतलं होतं. हे वेड त्याला लागलं ते मूळच्या सातारा जिल्ह्यातल्याच कॅप्टन अमोल यादवांच्या बातम्या वाचून. यादवांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली आणि ऑगस्ट 2020 मध्ये ते धुळ्याला उडालं. भाच्यानं सगळी कात्रणं जपली आहेत.

मोटारीचं इंजिन बसवायचा विचार आठवडाभरही टिकला नाही. त्याची खरी ताकद पाच हजार फेऱ्यांच्या आसपास निघते आणि पंख्याला तेवढ्या फेऱ्या सोसत नाहीत. मध्ये गिअर घातला की वजन आणि हादरे दोन्ही वाढतात. शेवटी लायकॉमिंगचं वापरलेलं, 160 हॉर्सपॉवरचं इंजिन ठरलं. 2700 फेऱ्या, पंखा थेट क्रँकवर, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, इंजिनाला दोन मॅग्नेटो. बॅटरी मेली तरी ठिणगी पडतच राहते.

पेट्रोल आत कसं सोडायचं, यावर मात्र चार महिने गेले.

कार्ब्युरेटर साधा, स्वस्त, कुणालाही उघडता येणारा. पण त्याच्या घशातून हवा वेगानं जाते, त्यातच पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीसेक अंशांनी सहज उतरतं. हवा दमट असेल तर तिथं बर्फ धरतो. कऱ्हाडात, कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्याची हवा कशी असते? बावीस-तेवीस अंश आणि ओलीचिंब. म्हणजे बर्फाला नेमकी सोयीची. एक्झॉस्टवरची गरम हवा आत घेऊन तो वितळवता येतो, पण वेळेत ओळखता आला पाहिजे.

भाच्याचा ओढा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनकडे होता. इंधन वाचतं, गरम इंजिन चटकन सुरू होतं. मी त्याला 2007 सालची जर्मनीतली गोष्ट वाचायला दिली. स्पेयरला डायमंड कंपनीचं दोन डिझेल इंजिनांचं विमान उतरलेल्या बॅटरीनिशी निघालं. उड्डाणानंतर चाकं आत घेताना विजेचा दाब पडला, इंजिन चालवणारे संगणक क्षणभर बंद झाले आणि दोन्ही इंजिनं एकदम थांबली. जीव वाचले. ते वाचून भाचा बराच वेळ गप्प होता.

उरलं यांत्रिक इंजेक्शन. आत जाणारी हवा मापून त्या प्रमाणात पेट्रोल सोडणारा सर्व्हो, वर वाटणी करणारा डिव्हायडर, तिथून चार बारीक नळ्या आणि चार नोझल. पेट्रोल गरम व्हॉल्व्हजवळ पडतं, त्यामुळे कार्ब्युरेटरसारखा बर्फ नाही, आणि चालू इंजिनाला विजेची गरज नाही. खोट एकच: उन्हात इंजिन बंद करून लगेच सुरू करायला गेलं, तर सिलिंडरवरच्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. आमच्या भाषेत, एअर धरते. ती काढायला शिकता येतं. आम्ही हेच घेतलं.

इंधनाचा प्रश्न दुकानातल्या टेबलावरच सुटला. मापाच्या काचेच्या नळीत 10 मिली पाणी घेतलं, वर गावातल्या पंपावरचं 90 मिली पेट्रोल ओतलं, हलवून ठेवून दिलं. पाचेक मिनिटांत तळाचा थर 25 च्या वर चढला. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलं होतं. आमच्याच भागातल्या उसाचं ते. कारखाना शेतकऱ्याचे पैसे करतो, याचं मोल मला आहे. माझेही भाऊ ऊस लावतात. पण त्याच पेट्रोलात महिनाभर बुडवून ठेवलेला जुना रबरी पाइप फुगून बोटानं कुस्करण्याइतका मऊ झाला होता. विमानात हे पेट्रोल घालायचं नाही, असं त्या दिवशी ठरलं. इंडियन ऑइलनं 2022 पासून वडोदऱ्याला विमानाचं 100 एलएल पेट्रोल बनवायला सुरुवात केली आहे. तेच आणायचं, महाग पडलं तरी.

इंजिन आल्यावर चारही नोझल सोडवून एकेका सारख्या बाटलीत सोडली आणि विजेचा पंप एक मिनिट चालवला. तीन बाटल्या एका रेषेत भरल्या, चौथी बोटभर कमी. म्हणजे आकाशात तो एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा उपाशी आणि जास्त तापलेला राहिला असता. नोझल भिंगाखाली धरलं. भोकाच्या तोंडाशी काळा कण होता, नखाच्या टोकावर मावेल एवढा. कुठल्याशा जुन्या रबरी पाइपाचा. नोझल धुतलं, वाऱ्यानं फुंकलं, पुन्हा पंप लावला.

चारही बाटल्या सारख्या भरल्यावर भाच्यानं चिकटपट्टीवर पेनानं नोझलचे नंबर लिहिले, ती नोझल कापडात गुंडाळली आणि संध्याकाळच्या एसटीनं मांडीवर घेऊन कऱ्हाडला गेला.