आडोशाचं पाणी

बदामाचं पान गळण्याआधी लाल होतं. आधी कडा, मग शिरांमधली जागा, आणि एक दिवस अख्खं पान तांबडंभडक होऊन खाली येतं. देवगडजवळच्या आमच्या जामसंड्यात रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात, घरांच्या पुढल्या दारी ही झाडं आहेत. हा आपला देशी बदाम, दुकानातला नव्हे. मुलांचा जीव त्याच्या फळात, दगडाने फोडून आतली बी खाण्यात. माझा जीव पानात. वाळून पडलेली, कीड न लागलेली पानं मी वेचून आणतो, धुतो आणि ओटीवरच्या काचेच्या टाकीत सोडतो. पान आधी तरंगतं, मग भिजून हळूहळू तळाशी बसतं. त्यातलं टॅनिन सुटत जातं आणि पाण्याला तांबूस तपकिरी झाक येते.

शेजारच्या काकी आल्या की टाकीपुढे थांबतातच. ‘‘पाणी केवढा काळा झाला हा! बदलतस कित्याक नाय?’’

‘‘काकी, ता तसाच होया.’’

त्यांना ते पटत नाही. नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, हे विहिरीवर आयुष्य काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण या टाकीत राहतात ते मासे नितळ पाण्यातले नव्हेत. मलेशियाच्या आणि दक्षिण थायलंडच्या दलदलीत, भातखाचरांत, गवताने भरलेल्या चरांत यांचं मूळ घर. पाणी उथळ, संथ, कुजक्या पानांनी रंगलेलं. नाव बेट्टा इम्बेलिस. वेर्नर लाडिगेस या जर्मन मत्स्यतज्ज्ञाने 1975 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नर जेमतेम दोन इंचांचा. अंग काळपट, त्यावर निळे-हिरवे चमकते खवले आणि शेपटीच्या कडेला लाल चंद्रकोर. मादी मातकट, साधी. टाकीत तीन नर आहेत, पाच माद्या आहेत, आणि सगळे एकत्र राहतात.

‘एकत्र’ ऐकल्यावर मासे पाळणारे चमकतात, कारण बेट्टा म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे फायटर येतो. दुकानाच्या फळीवर ओळीने मांडलेल्या बाटल्या, प्रत्येकीत एक लांब पिसाऱ्याचा मासा, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, एकाने दुसऱ्याला पाहू नये म्हणून. तो बेट्टा स्प्लेंडेन्स, मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या थिओडोर कँटर या डॉक्टरने 1849 मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं, पण चुकीच्या नावाखाली. आजचं नाव त्याला 1910 मध्ये रीगन या मत्स्यतज्ज्ञाने दिलं. त्याच्या किती तरी आधीपासून सयामी लोक हे मासे झुंजीसाठी पाळत होते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने तर माणसाचा हात या माशावर किमान 1000 वर्षांपासून असल्याचं दाखवलं. हजार वर्षं माणूस निवडत आला: हटणारा बाजूला काढायचा, न हटणाऱ्याची पिल्लं घ्यायची. रानातल्या दोन नरांची झुंज काही मिनिटांत आटोपते. एक हरतो, निघून जातो. झुंजीसाठी जोपासलेले नर तासन्तास एकमेकांचे लचके तोडत राहतात. 2019 मध्ये थायलंडने याच माशाला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. तो मान त्याला शोभतोच. पण बाटलीतल्या त्या माशाकडे बघताना मला वाटतं, याच्या रागातला मोठा भाग आपण पेरलेला आहे, आणि वर त्यालाच आपण भांडखोर म्हणतो.

इम्बेलिस भांडत नाही असं नव्हे. रानातला मासा आहे, जागा राखणारच. फरक इतकाच, की हरलेल्याला निघून जाता यायला हवं. बाटलीत जायला जागा नसते, आणि झुंजीचं मूळ दुखणं तिथे आहे. म्हणून टाकी लावताना मी माशांचा विचार नंतर केला, आधी आडोशांचा. तीन फूट लांबीच्या टाकीत एका टोकाकडून दुसरं टोक दिसता कामा नये, ही पहिली गोष्ट. मध्ये आडवं टाकलेलं वाळकं मूळ, त्याच्या अलीकडे पलीकडे क्रिप्टोकोराइनची दाट झुडपं (या वंशातल्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत उगवतात, तिथून उपटून मात्र आणू नयेत, विकत मिळतात), वर तरंगणाऱ्या वनस्पतींचं छत, खाली पानांचा थर. पाणी विहिरीचंच. आमच्या कातळातल्या पाण्याला साबणाचा फेस चटकन येतो, इतकं ते मऊ, आणि या माशांना तेच मानवतं. हीटर लागत नाही, कोकणची हवा पुरते. एक साधा स्पंजचा फिल्टर, तोही मंद.

जुन्या कोकणी घरात चार भाऊ, त्यांच्या बायका, म्हातारी आई, सगळी एका छपराखाली कशी नांदत असतील याचं मला लहानपणी नवल वाटे. आता त्या घराचा आराखडा आठवतो. खळं, पडवी, ओटी, माजघर, मागलं दार. रुसलेल्याला बसायला कुठे ना कुठे जागा होती, आणि तिथून तो जेवायच्या वेळेपर्यंत परत येत असे.

टाकीतही तेच चालतं, आणि ते पाहण्यात माझी संध्याकाळ जाते. मोठा नर डाव्या कोपऱ्यात तरंगत्या पानाखाली असतो. दुसरा मुळाच्या टोकापर्यंत आला की मोठ्याच्या कल्ल्यांची झाकणं ताठ उघडतात, पंख पसरतात, अंगावरचा निळा-हिरवा रंग भडकतो. दोघे समांतर उभे राहतात, तोंडं विरुद्ध दिशांना, आणि शेपटीने एकमेकांकडे पाणी ढकलतात. कोणी चावत नाही. मग दुसऱ्याचा रंग उतरतो. काळपट अंग फिकट होतं, बाजूंवर आडवे पट्टे उमटतात, पंख मिटतात. तो मुळाला वळसा घालून पलीकडे जातो. दिसेनासा झाला की मोठ्याची झाकणंही मिटतात. पाठलाग नाही. पलीकडे पोहोचलेला नर थोड्या वेळाने पुन्हा काळा-निळा होतो आणि स्वतःच्या पानाखाली जाऊन थांबतो.

वीण सुरू झाली की मात्र मोठ्याचा दरारा वाढतो. पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि लाळेत घोळवलेला एकेक बुडबुडा पानाच्या खाली चिकटवतो. हवा घेणं ही त्याची रोजची गरजही आहे. कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा घड्यांचा अवयव असतो, त्यातून हे मासे वरची हवा श्वासात घेतात. म्हणून पावसात वीज गेली तरी मला यांची घोर चिंता नसते; इतर मासे पाळणाऱ्यांना असते. बुडबुड्यांचं घरटं झालं की मादी खाली येते. नर तिच्याभोवती अंग वळवून घट्ट विळखा घालतो, क्षणभर दोघंही निपचित, आणि पांढरे कण खाली सुटतात. तो बुडी मारून एकेक अंडं तोंडात झेलतो, वर नेतो, बुडबुड्यात बसवतो. मग मादीला हाकलतो, आणि ती जाऊन लपते. अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात, पिल्लं शेपट्या खाली करून लोंबकळतात. एखादं निसटलं की बाप त्याला तोंडात धरून पुन्हा वर नेतो. सुटी पोहायला लागेपर्यंत, म्हणजे आणखी तीनेक दिवस, त्याला उसंत नसते.

देवगडच्या पट्ट्यात राहणाऱ्याला या टाकीची एक वेगळीच काळजी घ्यावी लागते. कलमांना मोहर आला की फवारणीचे दिवस येतात. आंब्यावर मारतात त्यांतली काही कीटकनाशकं, विशेषतः डेल्टामेथ्रिनसारखी, माशांना अत्यंत घातक आहेत. थेंबाचा अंशही पुरतो. हापूसवर आमची घरं चालतात, फवारणीवाल्याला दोष देऊन भागत नाही. त्या दिवसांत मी खिडक्या लावून घेतो, टाकीवर ओलं फडकं टाकतो, फिल्टरचा पंप बंद ठेवतो. अंगणातल्या मडक्यातल्या डासांच्या अळ्या हे माशांचं आवडतं खाणं, पण फवारणीच्या दिवसांत तेही बंद.

जूनमध्ये पहिला पाऊस लागला आणि शेतांतून वहाळ वाहू लागले, की लोक चढणीच्या माशांना निघतात. वहाळातल्या दगडांखाली, खाचरांच्या बांधाशी मरळीच्या कुळातला एक लहान मासा असतो, चन्ना गाचुआ. जीवशास्त्राच्या वंशावळीत तो या बेट्टांचा लांबचा भाऊबंद. एकाच गणातले दोघे. तोही वरची हवा श्वासात घेतो. त्याचा नर तर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, जसे बेट्टा माक्रोस्टोमासारख्या काही जातींचे नर सांभाळतात. हे कळल्यापासून मला मलेशियाची दलदल आपल्या वहाळापासून फार दूरची वाटत नाही. तिथे तेलमाडाच्या बागांसाठी दलदली उपसल्या गेल्या. बेट्टा पर्सेफोनी ही जोहोरमधली काळी, बोटाच्या पेराहून थोडी मोठी जात आज संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे. इथे खाचरं बुजतात, वहाळांना सिमेंटच्या भिंती येतात. भिंतीत दगडाखालची कपार नसते, आणि कपार नसली की चन्ना गाचुआच्या बापाला तोंडात पिल्लं घेऊन थांबायला जागा नाही.

म्हणून रानातून पकडलेला बेट्टा मी घेत नाही. टाकीत वाढलेलेच घेतो. आणि माझ्याकडे वाढलेली पिल्लं देताना अटी घालतो. टाकीला झाकण हवं, कारण हे उडी मारतात. बदामाची पानं मी देईन, ती टाकायची. आणि कंटाळा आला तर वहाळात, तळ्यात सोडायचे नाहीत. चिलापी अशीच बाहेरून आली आणि आता आपल्या नद्यांतून काढता येत नाही. नको झाले तर परत आणून द्या, केव्हाही. कणकवलीचा एक कॉलेजातला मुलगा गेल्या पावसाळ्यात नर-मादी मागायला आला. त्याच्याकडे जागा थोडी, म्हणून विचारलं, ‘‘काका, मोठ्या बरणीत ठेवले तर?’’ मी त्याला रिकाम्या हाती परत पाठवलं आणि सांगितलं, आधी टाकी लाव, झाडं मुरू देत, मग ये. दिवाळीत त्याने फोनवर टाकीचा फोटो दाखवला. एका टोकापासून दुसरं टोक दिसत नव्हतं. त्याला एक नर आणि दोन माद्या दिल्या.