छत्री उलटते तेव्हा

उज्जैनला गेले की सकाळी राम घाटावर काकांच्या छत्रीखाली जाऊन बसायचं, हा माझा लहानपणापासूनचा नेम. समोर पळी-पंचपात्र, पलीकडे क्षिप्रा, डोक्यावर भली मोठी छत्री. एका उन्हाळ्यात वावटळ आली आणि छत्री फटकन उलटली. काकांनी काड्यांना हिसका देऊन ती सरळ केली आणि यजमानाला पुढचा संकल्प सांगायला घेतला. ‘‘२०१६ च्या सिंहस्थात ५ मेच्या वादळात मंडप कोसळून माणसं गेली,’’ ते नंतर म्हणाले. ‘‘ही तर नुसती छत्री.’’

मी पुण्यात सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरवर डिझाइन करते. सिंहस्थ पुन्हा २०२८ मध्ये. तोवर काकांना दमदार छत्री करून द्यायची, असं मनात घेतलं आणि त्याच दुपारी काकांच्या माडीवर लॅपटॉप उघडला.

छत्री उघडून-मिटून दाखवणं सोपं गेलं. मोशन स्टडीत काड्या डौलात वर-खाली झाल्या. पण तिथं प्रत्येक भाग ताठ धरलेला असतो. सांध्यात फिरतो, वाकत मात्र नाही. आणि वाऱ्यात तर वाकण्याचाच प्रश्न.

म्हणून एकच काडी घेतली. फायबरग्लासची, आधारापासून टोकापर्यंत ८०० मिलिमीटर. टोकाला जोर लावला. उत्तर क्षणात आलं: टोक ६०० मिलिमीटर वर. चित्र छान वाकलेलं, रंगीबेरंगी. पण काहीतरी खटकत होतं, म्हणून दोन्ही टोकांमधलं सरळ अंतर मोजलं. १००० मिलिमीटर! आठशेची काडी हजाराची झाली होती. घाईत सॉफ्टवेअरची ‘विस्थापन फार मोठं आहे’ ही सूचना मी न वाचताच बंद केली होती. लिनिअर हिशोबात काडीचा ताठपणा सुरुवातीच्या आकारावरून एकदाच ठरतो आणि टोक सरळ रेषेत वर जातं. वाकणं थोडं असेल तर हे चालतं. इथं ते थोडं नव्हतं.

मोठ्या विस्थापनाचा पर्याय निवडून पुन्हा चालवलं. आता जोर थोडा-थोडा वाढत होता आणि प्रत्येक पायरीला बदललेल्या आकारावरून ताठपणा नव्यानं काढला जात होता. टोक सुमारे ४२० मिलिमीटरच वर गेलं आणि जवळपास १५० मिलिमीटर आत ओढलं गेलं. आता काडीची लांबी काडीइतकीच होती.

मग कमानदार काड्यांवर कापड ताणून अख्खी छत्री घेतली, खालून वारा दिला. अर्ध्या वाटेत हिशोब करणारा सॉल्व्हर थांबला, उत्तर जुळेना. मॉडेलची जाळी बारीक केली, पायऱ्या लहान केल्या, तरी गाडी त्याच जागी अडे.

संध्याकाळी काका वर आले. मी रडगाणं गायले. त्यांनी घरातली जुनी छत्री आणली, उघडली आणि काडीचं टोक अंगठ्यानं हळूहळू मागं रेटलं. ‘‘हात लावून बघ. आधी हटते, मग दम सोडते, मग उलटते. दम सोडला की जोर कमी पडला तरी ती जायचीच.’’

माझी चूक अंगठ्याखालीच कळली. मी जोर वाढवत होते. पण जोराच्या शिखरापाशी पोचल्यावर आणखी जोर झेलेल असा आकार जवळपास उरतच नाही, मग सॉल्व्हर काय शोधणार? काका जोर ठरवत नव्हते, अंगठा किती सरकवायचा ते ठरवत होते. मीही वारा काढला आणि काड्यांची टोकं मिलिमीटर-मिलिमीटरनं वर सरकवत नेली. त्यासाठी किती जोर लागतो, ते सॉफ्टवेअरला सांगू दिलं. रात्री जोराचा आलेख पुरा झाला: चढण, शिखर आणि घसरण.

सकाळी घाटावर तो काकांना दाखवला. डिझाइन कसं सुधारायचं, हे मी सांगणार होते. त्यांनी चष्मा लावला, शिखराच्या थोडं अलीकडे बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘इथं छत्री मिटायची.’’